पिवळ्या पंखावरचे दिवे

सकाळी जाग आली की क्षितिजाचा हात आधी उशाशी ठेवलेल्या फोनकडे जायचा. तुमचा-आमचा जातो तसाच! घोटावड्याजवळच्या नव्या सोसायटीत सहाव्या मजल्यावर तिचं घर होतं आणि हिंजवडीत नोकरी होती. या दोन्हींपेक्षा मानाचं वाटावं असं आणखी एक काम तिच्याकडे होतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची ती अ‍ॅडमिन होती. टँकर कधी येणार, कुठला रस्ता बंद आहे, कोणत्या पनीरमध्ये काय मिसळलंय, सगळं आधी क्षितिजाकडून कळायचं. "तू आहेस म्हणून कळतं गं बाई," असं लिफ्टमध्ये कुणी म्हटलं की तिचा दिवस मजेत जायचा. बातमी खरी की खोटी, हे बघायला मात्र तिला कधी वेळ मिळाला नव्हता. घाई असायची ना, दुसऱ्या कुणी आधी पाठवली तर!

घरात ती आणि तिचे वडील विश्रामराव, अशी दोघंच. नवरा कौस्तुभ कंपनीच्या कामासाठी बंगळूरला होता. विश्रामरावांनी उभा जन्म बार्शीच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून काढला होता. बायको गेल्यावर लेक त्यांना इकडे घेऊन आली. सुरुवातीला ते नुसते बाल्कनीत बसून राहायचे. पण एका रविवारी पौडच्या रस्त्याला त्यांना काही मंडळी माळावर रिमोटची विमानं उडवताना दिसली, आणि म्हाताऱ्याच्या हाताला पुन्हा काम सापडलं. पार्सलं येऊ लागली. हलक्या फोमची पानं, बोटभर मोटर, बॅटरी, रिमोट. जेवणाच्या टेबलावर पंख कापले जाऊ लागले.

आणि नेमक्या त्याच वेळी क्षितिजाकडे भिशी होती. बायका जमलेल्या, टेबलावर फोमचा भुसा. क्षितिजा सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो बाबा, या वयात खेळणी घेऊन काय बसलात? लोक काय म्हणतील मला!" बायका हसल्या. विश्रामरावही कसंनुसं हसले आणि सामान गोळा करून आत निघून गेले. त्या दिवसापासून घरात विमान दिसलं नाही.

पुढे ते रोज संध्याकाळी दत्ताच्या देवळात जाऊ लागले. येताना खडीसाखर आणायचे. बाबा देवाधर्माला लागले, म्हणून क्षितिजाला कोण आनंद! फक्त घरातले रबरबँड कुठे गडप होतात, एवढं तिला कळत नव्हतं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! खडीसाखर वाण्याकडची होती. विमान होतं पार्किंगमध्ये, कौस्तुभच्या झाकून ठेवलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर. पंख रबरबँडनी धडाला बांधायचे असतात, आणि रबरबँड तुटतात फार. संध्याकाळी वारा पडला की विश्रामराव विमान पिशवीत घालून सोसायटीमागच्या डोंगरातल्या वाडीखालच्या माळावर जायचे. नजर अधू झालेली. उतरत्या उजेडात विमान सुलटं आहे की उलटं, हे त्यांना दिसेना. म्हणून त्यांनी पिवळ्या पंखाच्या एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला हिरवा दिवा लावला होता.

हे दिवे एका मंगळवारी क्षितिजाला बाल्कनीतून दिसले.

त्याच सुमारास ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. दिवे लावलेली विमानं सोडून चोर घरांची टेहळणी करतात, टोळी मुळशीत उतरली आहे, सावध राहा. खाली ना नाव, ना गाव, ना तारीख. क्षितिजाने एकदा मेसेज वाचला आणि एकदा आभाळातले दिवे पाहिले. लगोलग तिने आवाज रेकॉर्ड केला: "नमस्कार, मी क्षितिजा. हा मेसेज खरा आहे. मी स्वतः पाहिलंय! वाडीच्या अंगाला टोळी फिरतेय. सगळ्यांनी जागे राहा आणि कोणी दिसलं तर सोडू नका!"

अंगठे, हात जोडलेले, लाल चेहरे, सगळं धडाधड आलं. थोड्या वेळाने विश्रामराव खडीसाखर घेऊन घरी आले.

"बाबा, देवळात जपून जात जा. चोर फिरतायत."

"बरं," विश्रामराव म्हणाले, आणि पाय धुवायला गेले. चोर फिरतात म्हणजे कोण फिरतं, हे त्या भाबड्या म्हाताऱ्याला कुठून ठाऊक असणार!

क्षितिजाचा आवाज मात्र एका जागी थांबला नाही. कामवाल्या मावशींच्या फोनवर गेला, दूधवाल्याच्या गेला, तिथून गावाच्या ग्रुपवर आणि मग डोंगरातल्या वाड्यांवर. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती कुकर लावत असताना ग्रुपवर फोटो आला. वर लिहिलं होतं, 'पकडला! वाडीवर चोर सापडला, विमानासकट!'

फोटोत पंख मोडलेलं पिवळं विमान होतं. बाजूला, चार-पाच जणांच्या कोंडाळ्यात, एक म्हातारा खाली मान घालून उभा होता. तोंड दिसत नव्हतं, पण गळ्यातला चॉकलेटी मफलर दिसत होता. तो मफलर तिने स्वतः मनालीहून आणला होता.

"बाबा!"

तिने फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. गॅस बंद केला की नाही हेही तिला आठवेना. स्कूटर काढून ती सुटली. वाटभर तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं, आणि ते तिचंच होतं. सोडू नका. सोडू नका. अरे देवा, सोडा रे त्यांना!

वाडीवर पोलीस पाटील सुलक्षणाताईंच्या दारात ही गर्दी. बाप्ये, बाया, काठ्या, मोबाइलचे उजेड. बंद दरवाजासमोर, पायरीवर, अंगात स्वेटर आणि डोक्यावर पदर घेतलेल्या सुलक्षणाताई बसल्या होत्या. उंबऱ्याशी कुणालाही फिरकू देत नव्हत्या.

"ताई, बाजूला व्हा. एकदा इचारू द्या त्याला," दत्ता नावाचा एक तरुण तावातावाने बोलत होता. "नाव सांगंना, गाव सांगंना. विमान पडलंय म्हनून माज्या वैरनीत शिरला. मग नाव सांगायला काय हुतंय? गेल्या म्हैन्यात माजी हिरीवरची मोटार गेली, तवा कोन आलं हुतं का?"

"मोटार गेली ते खरं हाय. पन ती ह्यानंच नेली, हे कुटं पायलंस? पोलीस येत्याल, ते इचारतील. तोवर माज्या घरात बसलेल्या मान्साला कुनी हात लावायचा न्हाई!"

"आवं, पुरावा हाय! ह्यो आइका." दत्ताने फोन उंच धरला, आणि गर्दीवरून क्षितिजाचाच आवाज घुमला, "मी स्वतः पाहिलंय! ...कोणी दिसलं तर सोडू नका!"

क्षणभर क्षितिजाला वाटलं, आवाजाचं काही बोलायचंच नाही. वडील आहेत एवढं सांगावं, त्यांना घ्यावं आणि निघावं. इथे कोण ओळखतंय आपल्याला? पण बंद दाराआड तिचा बाप बसला होता, आणि दाराबाहेर तिचंच वाक्य काठी घेऊन उभं होतं. ती गर्दीतून वाट काढत पायरीशी गेली.

"आत बसलेत ते माझे वडील आहेत. विश्रामराव. माझ्याकडेच राहतात, सोसायटीत. आणि..." तिला हुंदका आवरेना. "आणि तो आवाज माझा आहे."

दत्ताचा हात खाली आला. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"म्याडम, तुमीच म्हनला टोळी हाय. सोडू नका म्हनला. आमी सोडलं न्हाई. आता तुमचा बाप निगाला, म्हनून टोळी न्हाई व्हय? दुसऱ्या कुनाचा बाप असता तर?"

दुसऱ्या कुणाचा बाप असता, तर ती आत्ता घरात बसून त्या फोटोवर लाल चेहरा टाकत असती. हे तिला इतकं लख्ख दिसलं, की शरमेने तिची मान खाली गेली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी दोन दिवे पाहिले. टोळी पाहिली नव्हती. ती मी माझ्या मनाची जोडली."

"आता कसं बोललात!" सुलक्षणाताई पायरीवरून उठल्या. "ताई, माजा तुमच्यावर राग न्हाई. पन समद्यांदेखत सांगते. दत्तानं मगाशी ह्यांना ढकललं, चश्मा फुटला, ती त्याची चूक. त्याला मी बोललेय. पर त्यो भ्यालाय, त्याचं चोरीला गेलंय. अशा भ्यालेल्या मान्साच्या हातात तुमी काठी दिली."

"मी फक्त पुढे पाठवलं हो..."

"नुसतं फुडं न्हाई धाडलं. त्यात 'मी पायलंय' घातलं. लोकांनी मेसेजवर न्हाई, तुमच्यावर इस्वास ठेवला. शिकल्या-सवरल्या बाईनं पायलंय म्हंजी खरं असंल, असं वाटलं त्यांना. माजा नंबर पंचायतीच्या भिंतीवर लिवलाय. आधी मला फोन लावला असता तर मी माळावर जाऊन बगितलं असतं. म्हातारा विमान उडवत बसलाय म्हनून हसलो असतो, च्या पिऊन घरी गेलो असतो!"

गर्दीत कोणीतरी खरंच हसलं. मग आणखी एक जण. काठ्या खाली टेकल्या. सुलक्षणाताईंनी कडी काढली.

आत विश्रामराव सतरंजीवर बसले होते. समोर चहाची बशी, कोपराला हळद लावलेली, मांडीवर मोडका पंख. लेकीला दारात बघून ते धडपडत उठले आणि घाबऱ्याघाबऱ्या म्हणाले, "क्षिती, रागावू नकोस. देवळात नव्हतो गेलो."

बाहेर एवढा जमाव उभा होता, आणि या माणसाला भीती वाटत होती ती लेकीची! क्षितिजाने त्यांना मिठीच मारली. बाबा धडधाकट होते, उभे होते, बोलत होते. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

"बाबा, नाव का नाही सांगितलंत यांना?"

"नाव सांगितलं असतं तर यांनी तुला फोन लावला असता." त्यांनी मान खाली घातली. "म्हटलं, लोकांसमोर तुला पुन्हा कमीपणा नको."

भिशीच्या दिवशी आपण सहज बोलून गेलो, आणि बाबांनी ते इतके दिवस उराशी धरलं! क्षितिजाने तो मोडका पंख उचलला आणि पदरात घ्यावा तसा ओढणीत घेतला.

पोलीस आले, त्यांनी विमान उलटंसुलटं करून पाहिलं, हसले, आणि पुन्हा उडवताना आधी कळवत जा म्हणून बजावून गेले. दत्ता कोपऱ्यात उभा होता. जाताना तो पुढे आला. "आजोबा, चश्म्याचं बगतो मी. चुकलं." विश्रामरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या विहिरीवर नवी मोटर बसवशील तेव्हा मला हाक मार. मोटरचं मला कळतं." बाहेर सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास टाकला.

तिथेच उभं राहून क्षितिजाने नवा आवाज रेकॉर्ड केला. आधीचं सगळं खोटं होतं आणि चूक माझी होती, असं स्पष्ट सांगितलं. त्यावर अंगठे फार थोडे आले. चूक कबूल केलेला मेसेज पुढे पाठवायला कुणाला घाई नसते.

"म्हनून पायानं जावं लागंल," सुलक्षणाताई म्हणाल्या. "त्यो आवाज किती वाड्यांवर गेला असंल! उद्या तितं दुसरा कुनी सापडला तर?"

रविवारी दोघी मिळून एकेका वाडीवर गेल्या. दारोदार क्षितिजा स्वतःच्या तोंडाने सांगत होती, "तो आवाज माझा होता. मी काही पाहिलं नव्हतं." पहिल्या दारात तिची जीभ जड झाली. नंतर मन हलकं होत गेलं. कुणी चार शब्द सुनावले, कुणी पाणी दिलं, एका म्हातारीने तर जवळ बसवून घेऊन दोन घास खायला लावले.

पंधरवड्यानंतर माळावर भर उजेडात, सगळ्या वाडीदेखत पिवळं विमान उडालं. भिशीच्या बायकाही आल्या होत्या आणि टाळ्या पिटत होत्या. विश्रामराव दिवे काढून टाकायला निघाले होते, तर दत्तानेच अडवलं. "ऱ्हाऊ द्या आजोबा. दिवं दिसलं की आमाला कळंल, तुमी हाय म्हनून."

तेवढ्यात क्षितिजाचा फोन वाजला. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे, सगळीकडे पाठवा!' अंगठा सवयीने पुढे सरकला, आणि थांबला. तिने शेजारी उभ्या असलेल्या सुलक्षणाताईंना मेसेज दाखवला.

"कुनी पायलं? तुमी?"

"नाही."

"मग?"

क्षितिजाने मेसेज पुसून टाकला.

मंडळी, आपल्याही फोनवर असे मेसेज रोज येतात. पुढे पाठवण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, यातलं मी काय पाहिलंय आणि काय मनाचं जोडलंय? शंका असेल तर पोलीस पाटलांना, पोलिसांना विचारा. कारण आपण ज्याला 'सोडू नका' म्हणतो, तोही कुणाचा तरी बाप असतो. तो कुणाचा आहे हे कळेपर्यंत सुलक्षणाताई दारात बसलेल्या असतीलच असं नाही!

विमान अलगद उतरलं. क्षितिजा धावत जाऊन ते घेऊन आली, तेव्हा तिला नव्या पंखाच्या खालच्या बाजूला काळ्या शाईतली ताजी अक्षरं दिसली. बाबांनी डेपोतल्या पाटीसारखी ठळक, घोटून काढली होती: 'विश्राम. हे विमान किंवा मी सापडल्यास माझ्या मुलीला कळवावे.' आणि खाली तिचा नंबर.