रिफकीची काठी मिदिल्लीला जाते

मी एक काठी. ऑलिव्हच्या लाकडाची, मुठीपाशी जराशी वाकडी. तुर्कस्तानातल्या आयव्हालिक गावी, बंदरामागे एक म्हातारा सुतार खुर्च्या करायचा. वादळात मोडलेल्या एका फांदीतून त्यानं मला काढलं. मी वाकडी निघाले, म्हणूनच खुर्चीचा पाय व्हायची वाचले. रिफकीनं मला उचललं, जमिनीवर आपटून पाहिलं आणि म्हणाला, "ही चालेल." तेव्हापासून आम्ही दोघं चालत होतो. तो गेला, त्याला आता दुसरा हिवाळा.

त्याची बायको मुनेव्वर. तिचा कुणावर म्हणजे कुणावर विश्वास नाही. दुधाचा वास घेतल्याशिवाय ती पातेलं पुढे करत नाही. बेल वाजली की आधी खिडकीतून बघते आणि माणूस ओळखीचा दिसला तरी दाराआडून "कोण?" असं विचारतेच. पूर्वी ती अशी नव्हती म्हणे. मी घरात येण्याच्या कितीतरी आधी त्यांचा एकुलता एक मुलगा इल्हान आठव्या वर्षी मेंदूज्वरानं गेला. साधा ताप आहे, उतरेल, असं डॉक्टर आदल्याच दिवशी सांगून गेला होता. त्यानंतर मुनेव्वरनं कुणाचं काही खरं मानलं नाही. घरात इल्हानचं नाव काढायचं नाही, हाही तिचाच नियम. रिफकीनं तो मोडला नाही. निदान आयव्हालिकमध्ये तरी नाही.

रिफकीच्या दुखवट्याला शेबनेम आली. ही मुलगी फेरीबोटीतून लोकांना समोरच्या ग्रीक बेटावर, मिदिल्लीला, एका दिवसाच्या सहलीला नेते. हलव्याची बशी हातात घेऊन ती भाबडेपणानं बोलून गेली की रिफकीकाका प्रत्येक महिन्याला तिच्या सहलीला यायचे, आता त्यांच्याशिवाय चुकल्यासारखं होतं.

रिफकी महिन्यातून एकदा जायचा तो इझमीरला, छातीच्या डॉक्टरकडे. मुनेव्वरला तरी तेच ठाऊक होतं.

मग कुणाला तरी द्यायला म्हणून तिनं त्याचा जाड कोट काढला, तर आतल्या खिशात एक टोपडं निघालं. निळ्या लोकरीचं, हातानं विणलेलं, तान्ह्या बाळाचं. मुनेव्वर ते हातात घेऊन खाटेवर बसली. मग तिनं कोपऱ्यात माझ्याकडे पाहिलं.

"तुला सगळं माहीत असणार," ती म्हणाली.

माहीत होतं. पण सांगणार कशी?

वसंत लागल्यावर तिनं सहलीत नाव घातलं. तिचे पाय अजून ठणठणीत होते, काठीची तिला गरज नव्हती. तिनं मला घेतलं ते आरोपीला पकडून न्यावं तसं.

बोटीवर तिनं अशी जागा धरली की दोन्ही दारं नजरेत राहतील. लाइफ जॅकेटच्या पेट्या खलाशाला उघडायला लावल्या. आत खरंच जॅकेटं आहेत का ते बघायचं होतं. शेजारच्या बाईनं सहज विचारलं, एकट्याच निघालात का ताई? मुनेव्वरनं उलट विचारलं, तुम्हाला कशाला हवंय? तिकडच्या जेवणात कसलं मांस असेल कोण जाणे, म्हणून तिनं चीज घातलेल्या पोळ्या घरूनच बांधून आणल्या होत्या. ते बघून मागच्या बाकावरची एक जण म्हणाली, "मावशी, तिकडची हवा तरी घेणार ना? की तीही डब्यातून आणलीय?" सगळे हसले. शेबनेमही हसली, आणि मुनेव्वरनं तिच्याकडे असं काही पाहिलं की ती गप्प झाली. ही पोर रिफकीच्या भानगडीत सामील आहे, अशी मुनेव्वरची खात्रीच होती.

मिदिल्लीत शेबनेम नारिंगी झेंडा उंच धरून पुढे, बाकीचे मागे. किल्ला झाला, चर्च झालं. मुनेव्वरनं त्यातलं काही पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ती बायका बघत होती. भाजी निवडणाऱ्या, गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या. कडेवरच्या प्रत्येक पोराचं नाक ती निरखून घ्यायची. रिफकीचं नाक चांगलंच ठसठशीत होतं, लपण्यासारखं नव्हे.

जेवणानंतर सगळ्यांना मोकळं सोडलं, तेव्हा तिनं शेबनेमला गाठलं. "तो कुठं जायचा?"

"चर्चमागच्या गल्लीत वळायचे, मावशी. मी कधी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

शेबनेम झेंडा गुंडाळू लागली. "परत यायचे तेव्हा खुशीत असायचे. म्हणून."

मुनेव्वरची पकड माझ्यावर घट्ट झाली. घरी खुशीतला रिफकी तिनं शेवटचा कधी पाहिला होता?

गल्ली चढणीची होती. तिच्या शेवटी कॉफीचं एक लहानसं दुकान आहे, भिंतभर मुलाबाळांचे फोटो लावलेले. दारात फोतिनी कप पुसत उभी होती. जाडजूड बाई, केस पांढरे. तिची आजी आमच्या बाजूची, त्यामुळे तिला आमची भाषा येते. तिनं आधी मला पाहिलं.

"ही तर रिफकीकाकांची काठी," ती म्हणाली. मग नजर वर गेली, मुनेव्वरचा चेहरा दिसला, आणि रिफकी गेला हे तिला सांगावं लागलं नाही. हातातला कप तिनं खाली ठेवला.

मुनेव्वरनं पिशवीतून टोपडं काढून टेबलावर टाकलं. "हे कुणाचं?"

"मीच विणलं होतं," फोतिनी म्हणाली. "का? बाळाला घट्ट झालं?"

"कुठल्या बाळाला?"

"तुमच्या नातवाला. इल्हानच्या मुलाला."

मी तिथं पहिल्यांदा टेबलाला टेकले होते, तो दिवस मला आठवतो. फोतिनीनं कॉफी देताना विचारलं होतं, मुलंबाळं किती? रिफकीच्या तळव्याला घाम फुटला, माझ्या मुठीला तो लागला. मग तो म्हणाला, एक मुलगा आहे, जहाजावर असतो. पुढच्या खेपेला तिनं मुलाची खुशाली विचारली, आणि त्याला सांगावी लागली. होता होता इल्हान कप्तान झाला. त्राब्झोनची मुलगी केली. कांदा बघितला की तोंड फिरवतो, अजूनही. मिदिल्लीच्या त्या गल्लीत इल्हान मोठा होत गेला आणि रिफकी खुशीत घरी येत राहिला.

हे सगळं फोतिनी आता मुनेव्वरला सांगत होती. मला वाटलं, संपलं. समोरच्याचं खोटं त्याच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत पकडणारी ही बाई. एक शब्द बोलेल आणि कप्तान जहाजासकट बुडेल.

मुनेव्वरनं खुर्ची ओढली आणि बसली. टोपडं जवळ घेतलं, त्यावरून अंगठा फिरवला.

"घट्ट नाही झालं," ती म्हणाली. "त्यानं घालूच दिलं नाही. बापावर गेलाय. इल्हानच्या डोक्यावर काही ठेवलं की तो भिरकावून द्यायचा. बर्फातसुद्धा."

त्यातलं शेवटचं खरं होतं. ते नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग ती थांबलीच नाही. त्याला पोहायला कोणी शिकवलं, तो मांजर दप्तरात घालून शाळेत कसा घेऊन गेला, शिक्षिका काय म्हणाली, सगळं आलं. फोतिनीनं कॉफी ठेवली आणि मुनेव्वरनं ती वास न घेता प्यायली.

परतीच्या बोटीवर शेबनेमनं बिचकत विचारलं, जागा सापडली का? मुनेव्वर म्हणाली, "सापडली. ओळखीचे लोक निघाले." आणि उरलेल्या पोळ्या तिनं त्या मागच्या बाकावरच्या बाईला देऊन टाकल्या.

तेव्हापासून आम्ही दोघी जातो. आता तिला माझा आधारही लागतो. माझ्या टोकाचं रबर झिजलंय, मुठीला चीर गेलीय, फार खेपा माझ्याच्यानं होतील असं दिसत नाही. इल्हानचं बरं चाललंय. त्याला दुसरा मुलगा झाला, त्याचं नाव रिफकी ठेवलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. फोतिनी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून पोरांचा फोटो मागून घेते. दिला नाही तर मागे लागते, भांडते. रिफकीकडे तिनं कधी मागितला नाही. मुनेव्वरकडेही नाही. ती साधीभोळी आहे, विसरली असेल, असं मी स्वतःला समजावते. पण पटत नाही. मुनेव्वरच्या हाताखाली राहून संशय घ्यायची सवय मलाही लागली आहे.

तुम्ही कधी त्या फेरीबोटीत बसलात आणि शेजारी काळा रुमाल बांधलेली म्हातारी आपल्या कप्तान मुलाबद्दल बोलू लागली, तर कृपा करा, तिच्याकडे फोटो मागू नका. जहाज सध्या कुठं आहे, एवढंच विचारा.