बुडालेल्या शहरातली भेग

ठिपकीचे बाबा रंगारी होते, आणि जगातल्या झाडून सगळ्या भिंतींविरुद्ध त्यांची एकच तक्रार होती: त्या जुन्या होतात. भेग दिसली की भर, पोपडा दिसला की खरवड, यातच त्यांचा जन्म गेला. कुणाकडे चहाला गेले तरी कप हातात धरून आधी छताचे कोपरे बघून यायचे. अशा माणसाच्या पोटी मुलगी काय निघावी, तर चांगल्या कोऱ्या भिंती जुन्या करून देणारी! पाहुण्यांनी विचारलं की बाबा नुसतं 'तीही रंगातच आहे' म्हणून विषय बदलत.

ठिपकी हे नाव कामावरच्यांनी पाडलेलं. नाकावर, कानामागे, चष्म्याच्या काचेवर, कुठे ना कुठे रंगाचा शिंतोडा असायचाच. सुरुवात तिनं शाळेच्या नाटकाच्या पडद्यापासून केली. मग हौशी मंडळींचे राजवाडे रंगवले, मग दुकानांच्या काचांमागचे कागदी डोंगर, मग एका संग्रहालयासाठी गुहा. ती गुहा पाहून मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. नव्या मनोरंजन पार्कातले सगळे देखावे या बाईंच्या हाताखाली रंगत होते. त्यांनी तिला उमेदवारीवर ठेवलं आणि सांगितलं, "कायम करायचं की नाही ते काम बघून ठरवू. गोड बोलून माझ्याकडे काही होत नाही." ठिपकीला गोड बोलता येतच नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

घरी मात्र बाबांनी वेगळीच अट घातली. "बाईंनी कायम केलं तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाही केलं, तर मुकाट्यानं माझ्याबरोबर यायचं. माझी माणसं पुढे सांभाळायला कुणीतरी हवंच ना?"

ठिपकी तावातावानं हो म्हणून बसली आणि मग तिची झोप उडाली. बाबांचं काम तिला हलकं वाटत होतं असं मुळीच नाही. पण नुसती पांढरी भिंत दिसली की तिचे हात शिवशिवायचे, आणि पांढऱ्या भिंतीवर हात शिवशिवणारी मुलगी बाबांच्या काय कामाची?

परीक्षेला तिला मिळाली 'बुडालेलं शहर' या होडीच्या सफरीतली एक भिंत. कमान असलेली, दगडी, पाण्यात अर्धी बुडालेली. प्रत्यक्षात ती लोखंडी जाळीवर थापलेल्या सिमेंटची होती, वरून कोरून दगडांचे सांधे काढलेले, आणि वयानं ठिपकीच्या चपलांपेक्षाही लहान. तिला शेकडो वर्षं म्हातारी करायची होती. ठिपकीनं पातळ केलेला रंग पंपानं फवारला, वाहू दिला, ओल्या स्पंजानं टिपला, पुन्हा फवारला. पाण्याच्या रेषेपाशी हिरवट शेवाळ आणलं. आणि शेवटी कमानीच्या कोपऱ्यातून निघून वाकडीतिकडी खाली उतरत पाण्यात नाहीशी होणारी एक भेग काढली. एका कडेला काळोख, दुसऱ्या कडेला उजेडाची केसाएवढी रेघ. या भेगेवर तिनं जीव ओतला होता. सगळी भिंत त्या भेगेमुळे थकलेली दिसत होती, जणू आणखी एक पावसाळा काढणं तिला जड जाईल.

योगायोग बघा. सफरीच्या मागच्या बाजूला कामगारांच्या वाटा होत्या, त्या पांढऱ्या करायचं काम बाबांच्या टोळीला मिळालं. बाप आणि लेक एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राबू लागले. डबा एकत्र खायचे, पण पुढची बाजू बघायला बाबा काही आले नाहीत. "मला नाही कळत त्यातलं," म्हणायचे. ठिपकीनंही आग्रह केला नाही. मनातून तिला फार वाटत होतं की त्यांनी यावं.

बाई बघायला येणार त्या दिवशी सकाळी ठिपकी लवकर पोचली. आत सफरीचे मंद निळसर दिवे लागले होते. काठाकाठानं ती वळणावर आली. भेग नव्हती! तिच्या जागी कमानीपासून पाण्यापर्यंत पांढरीशुभ्र पुट्टी, गुडघ्याला बांधलेल्या पट्टीसारखी. आणि शेजारी शिडीवर, हातात पुट्टीचं भांडं आणि ती भरायची पत्र्याची पट्टी घेऊन, बाबा.

"आलीस? बरं झालं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वाळली की वरून तुझा तो मळकट रंग मारून टाक. कुणाला पत्ता लागणार नाही."

 ठिपकीच्या जे तोंडात आलं ते ती बोलून गेली. "मुद्दाम केलंत ना बाबा? मी तुमच्याकडे यावं म्हणून?"

बाबा शिडीवरून उतरले. त्यांचा चेहरा पडला होता. "काय बोलतेस? अगं, तडा गेला होता भिंतीला! मागून दिवा घ्यायला आलो तर हे दिसलं. आज तुझ्या बाई येणार, आणि भिंत अशी. खापर तुझ्यावरच फुटलं असतं. म्हणून धावतपळत..." ते थांबले आणि ओशाळवाणं पुटपुटले, "पुट्टी मेली आत जाईना. म्हटलं, चीर बारीक दिसतेय. दाबून दाबून भरली."

ठिपकी त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांना खोटं बोलता येत नसे, ते खोटं बोलायला लागले की आधी खोकायचे. आत्ता खोकला नव्हता.

"बाबा, ती मी काढली होती. रंगानं."

"काय काढली होती?"

"भेग."

बाबांनी भिंतीकडे पाहिलं, हातातल्या पट्टीकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. भिंत मुळातच खडबडीत कोरलेली, बोटानंही कळायला मार्ग नव्हता. "देवा रे," असं म्हणून ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

तेवढ्यात पाणी चुळबुळलं आणि होडी वळणावर आली. होडीत मोठ्या बाई, मांडीवर पिशवी घेऊन, प्रवाशासारख्या बसलेल्या. त्यांची नजर कमानीवर गेली आणि खाली पुट्टीवर आपटली. त्यांनी होडी थांबवायला लावली.

"हे काय आहे?"

ठिपकीनं तोंड उघडलं, पण बाबा तिच्या आधी उठले. "मी केलं, बाई. हिचा काही दोष नाही. मागच्या वाटांचा रंगारी मी. भिंतीला भेग होती, ती भरली."

"भिंतीला भेग नव्हतीच."

"होती हो! मी डोळ्यांनी बघितली!" बाबांचा आवाज चढला. समोरच्या माणसानं भेगांबद्दल आपल्याला शिकवावं हे त्यांना सहनच होत नसे. मग त्यांना आठवलं आणि ते एकदम मऊ झाले. "म्हणजे... आता कळलं नव्हती ते. पण बाई, आयुष्य गेलं माझं भेगा भरण्यात. अशी भेग मी सोडली नसती."

बाईंनी पुट्टीकडे पाहिलं, मग बाबांकडे. मग त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग होडीच डुलायला लागली. "अहो, मी लोकांना विचारत बसते, खरं वाटतं का, खरं वाटतं का. आणि तुम्ही पुट्टी घेऊन आलात!" त्यांनी डोळे पुसले आणि त्या ठिपकीकडे वळल्या. "भेगा काढायला कुठे शिकलीस?"

"लहानपणी बाबांबरोबर कामावर जायचे," ठिपकी म्हणाली. "ते भरायचे. भरायच्या आधी मी बघून घ्यायचे."

बाबांना हे माहीत नव्हतं. आपण पुट्टी कालवत असताना पोरगी मागे गप्प बसून काय बघत असते, असा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. ते उगाचच पट्टी पुसायला लागले.

"पुट्टी काढ, उद्घाटनाच्या आत तीच भेग पुन्हा हवी मला," बाई म्हणाल्या. "तुला कायम केल्याचं पत्र आज टाइप करायला सांगते." होडी पुढे सरकली. पुढच्या वळणाआडूनही त्यांचं हसू ऐकू येत होतं.

पुट्टी अजून ओली होती. बापलेकींनी मिळून ती खरवडली, पाण्यानं धुतली. मग ठिपकीनं ब्रश हातात घेतला आणि बाबांनी दिवा धरला. पहिली काळी रेघ कमानीच्या कोपऱ्यातून निघाली, अडखळली, वळली, खाली आली. शेजारी उजेडाची रेघ ओढल्याबरोबर सिमेंट डोळ्यांसमोर दुभंगलं. बाबांच्या तोंडून "अरे!" निघून गेलं.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि ठिपकीच्या आईला लावला. दिवा धरलेला हात मात्र हलू दिला नाही.

"ऐकतेस का? हो, झाली कायम. ते राहू दे गं, आधी हे ऐक." ते तोंडभरून हसत होते. "मला फसवलं गं तिनं! मला!"