मला मान्सो म्हणतात

मी एक बैल आहे. नाव फोर्मोझो, पण ब्राझीलमधल्या मिनासच्या आमच्या डोंगरपट्टीत सगळे मला मान्सो म्हणतात. मान्सो म्हणजे माणसाळलेला, गरीब.

जन्मतः मी तसा नव्हतो. माझ्या मालकाने, बेलार्मिनोने, पहिल्यांदा मानेवर जू ठेवलं, तेव्हा मी ते दोनदा झटकून टाकलं. तिसऱ्यांदा तो मूठभर मीठ घेऊन आला. ते चाटता चाटता मी त्याचा झालो. पुढची दहा वर्षं त्याच्या मक्याच्या गाड्या ओढल्या.

बैलाला मान्सो म्हटलं की कौतुक, माणसाला म्हटलं की शिवी! शेजारच्या आदाउतोने कुंपण सरकवत सरकवत आमच्या झऱ्यापर्यंत आणलं, तरी बेलार्मिनो गप्प. दुकानासमोर लोक हसायचे, "बैल मान्सो, मालक त्याहून मान्सो!" हा नुसती टोपी खाली ओढायचा. माझा जीव जळायचा. अरे, बोल की काहीतरी!

एका सकाळी आदाउतो थेट दारातच आला. "भाऊ, कुंपणाचे खांब ओढायला तुझा बैल दे. माझे खोंड बिथरतात."

"चल, घेऊन येतो. गरीब आहे तो," बेलार्मिनो म्हणाला.

झऱ्याशी येताच मी फतकल मारली. आदाउतोने पराणी टोचली. मी हललो नाही. मग बेलार्मिनोने ती घेतली आणि स्वतः टोचली. दहा वर्षांत पहिल्यांदा. मानेतून रक्त आलं.

"ऊठ ना रे! चारचौघांत माझी लाज काढतोस?"

झऱ्यावर कपडे धुणारी त्याची बायको, जासिरा, ओल्या हातांनी धावत आली. तिने पराणी हिसकावली. "अहो, लाज त्याने काढली की तुम्ही? पाणी आपलं चाललंय, आणि कुंपणाला बैलही आपलाच!"

"वहिनी, मान्सो आहे म्हणून तर मागितला," आदाउतो म्हणाला.

"मान्सो आहे तो आमच्या हाताला. तुमच्या नाही!"

बेलार्मिनो पाण्याकडे बघत राहिला. मग वाकून त्याने माझं जू सोडलं, आणि आदाउतोचा एकेक खांब खांद्यावर घेऊन जुन्या हद्दीपलीकडे टाकला. आदाउतो तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघून गेला.

झरा वाचला. पण मला आता कुणी जुंपत नाही. बैल बिघडला म्हणतात. बायका पोरांना लांबून नेतात. बेलार्मिनो चारा टाकतो आणि हात मागे घेतो. दहा वर्षांत एकदा नाही म्हटलं, तेवढ्याने मी रानटी झालो?

ये ना रे जवळ. मानेवर हात ठेव. जखम केव्हाच भरली आहे.