अर्जातल्या काकू

सकाळची भांडी आवरली की काकू मागच्या खोलीत जाऊन बसत. खोली म्हणजे कोठारच. एका भिंतीला संस्थेचे जुने फलक टेकवलेले, दुसरीला त्यांची खाट. नवरा गेल्यावर त्या थोरल्या दिरांच्या, अण्णांच्या, आश्रयाला आल्या आणि तेव्हापासून त्यांचं सगळं आयुष्य स्वयंपाकघर आणि ही खोली यांच्यामध्ये मावलं होतं. कोणी हात उगारला नाही, कोणी वाकडा शब्द बोललं नाही. फक्त जेवणाच्या टेबलाशी त्यांची खुर्ची नव्हती, घरातल्या एकाही फोटोत त्या नव्हत्या, आणि पाहुणे आले की चहा बाहेर जाई, काकू आतच राहत.

आणि हे घर कोणाचं? नवरा गेल्यावर घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी वसतिगृह आणि शिवणवर्ग चालवणाऱ्या अण्णांचं! काम खरं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. अनेकजणी तिथे आपल्या पायावर उभ्या राहिल्या होत्या. पण देणग्या आटल्या होत्या, आणि मोठा निधी मिळाला नाही तर वसतिगृहाला कुलूप लागणार होतं.

अर्ज लिहायचं काम सूनबाईकडे आलं.

"एआयकडून लिहून घे," अण्णा म्हणाले. "हल्ली सगळे तेच करतात. आपणच तेवढे खरडत बसलो तर मागे पडू."

तिने संस्थेचे अहवाल आणि अण्णांची जुनी भाषणं त्या साधनाला दिली. क्षणात पानंच्या पानं तयार. भाषा अशी गुळगुळीत की वाचताना कुठे ठेच लागेना, आणि नेमकी त्याचीच तिला शंका आली. ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. एका भाषणात अण्णा ओझरतं म्हणाले होते, 'माझ्या भावाची पत्नी माझ्याच घरी असते.' तेवढ्या धाग्यावर यंत्राने अख्खा उतारा विणला होता. वरच्या मजल्यावर तिची उजेडाची खोली आहे, ती कुटुंबासोबत जेवते, तिला विचारल्याशिवाय घरातला कोणताही निर्णय होत नाही.

"अण्णा, हे मी लिहिलेलं नाही. आणि त्यालाही हे कोणी सांगितलेलं नाही."

अण्णांनी उतारा दोनदा वाचला. "वाईट काय आहे यात? राहते ना ती आपल्याकडे?"

"राहतात. पण अशा नाही."

"तपशील आहेत गं ते. पाठव."

तिने पाठवला. त्यानंतर मात्र त्या घरात तिला जेवण गोड लागेना.

उत्तर लवकर आलं. अर्ज आवडला होता, विशेषतः तो उतारा. निधी देणाऱ्या संस्थेच्या बाई स्वतः येऊन त्या काकूंना भेटणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई, म्हणजे अण्णांच्या पत्नी, हातात कप घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "चहा घे गं."

काकू दचकून उठल्या. इतक्या वर्षांत त्यांना कोणी आयता चहा दिला नव्हता. संध्याकाळी त्यांची खाट वरच्या खोलीत गेली. मग नवे कपडे आले. अण्णा त्यांच्याशी कधी थेट बोलत नसत, "तिला सांगा" असं म्हणत. ते जेवताना म्हणाले, "बस ना, उभी का?"

काकू बसल्या, पण ताटातलं नुसतं चिवडत राहिल्या. यांना माझ्याकडून काय हवंय? मागे एकदा या घरात सगळे असेच गोड बोलले होते. त्या गोडव्याच्या शेवटी नवऱ्याचा वाटा सोडून दिल्याच्या कागदावर त्यांची सही होती. आता तर देण्यासारखं काही उरलंही नव्हतं. डॉक्टरांनी मला सोडून यांना काही सांगितलंय का? की मला कुठेतरी पाठवायचं ठरतंय? जिन्यावर पाऊल वाजलं की त्या कान टवकारत. जाऊबाईंनी पांघरूण नीट केलं तरी अंग चोरून पडून राहत. उपेक्षा ओळखीची होती. या मायेची मात्र भीती वाटत होती.

शेवटी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी सूनबाईला गाठलं. "तू खोटं बोलणार नाहीस. काय चाललंय?"

सूनबाईने फोन काढून तो उतारा वाचून दाखवला. काकू आधी हसल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"बरी आहे गं ही बाई. मला आवडलं असतं अशी व्हायला." ओल्या टॉवेलला पीळ घालता घालता त्यांचा हात थांबला. "कोणी लिहिलं?"

"यंत्राने."

"त्याला माझ्या मनातलं कळलं, आणि घरातल्या कोणाला कळलं नाही?"

सूनबाईची मान खाली गेली. "काकू, तुम्ही काय बोलायचं ते मी नाही सांगणार. पण निधी गेला तर वसतिगृह अडचणीत येईल, हेही खरंच आहे."

भेटीच्या दिवशी टेबलाभोवती सगळे बसले. पाहुण्या बाई साध्या, कमी बोलणाऱ्या होत्या. काकूंची खोली पाहून आल्यावर त्यांनी विचारलं, "छान उजेड येतो हो. कधीपासून राहता इथे?"

अण्णा हसऱ्या चेहऱ्याने काकूंकडे पाहत होते. काकूंच्या डोळ्यांपुढे शिवणवर्गातल्या बायका आल्या. मशीनवर वाकलेल्या, एकमेकींना हसणाऱ्या. त्यांच्यासाठी एक खोटं पचवायला काय हरकत आहे? पण ओठांवर आलेलं ते खोटं त्यांना बोलवेना.

"तुम्ही येणार असं कळलं तेव्हापासून."

"गंमत करते ती," अण्णा घाईने म्हणाले.

"गंमत नाही," सूनबाई बोलली. "अर्ज मी पाठवला. तो उतारा खोटा आहे, आणि पाठवताना मला ते माहीत होतं."

पाहुण्या बाईंनी कप खाली ठेवला. वसतिगृह त्यांनी पाहिलं, बायकांशी बोलल्या. जाताना म्हणाल्या, "काम चांगलं आहे. पण हा अर्ज मला मंजूर करता येणार नाही. पुढच्या वेळी खरा लिहा."

दार लागताच अण्णांचा तोल सुटला. "त्या बायका रस्त्यावर येतील! कळतंय का तुला काय केलंस ते?"

काकू जागच्या हलल्या नाहीत. "भाऊजी, परक्या बायकांसाठी तुमचा जीव तुटतो, ते खोटं नाही. पण मी कोण होते? आणि आता मी खाली जाणार नाही. ती खोली मला तुम्हीच दिलीत. चार लोकांसमोर."

अण्णा उठून आत गेले.

त्याची किंमत मोजावी लागली. वसतिगृह कसंबसं चालू राहिलं, पण शिवणवर्ग बंद पडला. काहीजणी नातेवाइकांकडे परतल्या. आज त्या कोणाच्या कोठारात झोपत असतील, कोणाच्या पाहुण्यांना आतून चहा पाठवत असतील, हे सांगायला कोणतंही यंत्र नको. आपल्याच घराची मागची खोली एकदा उघडून पाहावी.

नवा अर्ज लिहिताना सूनबाई वसतिगृहात उरलेल्या बायकांमध्ये जाऊन बसते. एआय अजूनही वापरते, पण त्याच्या प्रत्येक वाक्याला विचारते, हे तुला कोणी सांगितलं? उत्तर नसेल तर वाक्य खोडते. अर्ज पहिल्यापेक्षा ओबडधोबड होतो आहे.

काल तिने काकूंना विचारलं, "तुमच्याबद्दल काय लिहू?"

काकूंनी जरा विचार केला. "लिही, टेबलावर जेवते. भाऊजी अजून माझ्याकडे बघत नाहीत. घरात मला काही विचारत नाहीत, पण मी सांगते." मग थांबून म्हणाल्या, "एवढंच लिही. पुढचं अजून व्हायचंय."