दुपारचं पाणी

"हा खांब पाहा, व्याहीबुवा. एका सागाचा हाय. कुठे जोड दाखवा, मी मिशी उतरवतो!"

मामाजी, म्हणजे माझे सासरे मारोतराव, नागपूरच्या पाहुण्यांना घर दाखवत होते. पाहुणे माना वर करकरून बघत होते आणि मी चहाचा ट्रे धरून माजघराच्या दारात उभी होते. हे सगळं मला तोंडपाठ होतं. खांब झाला की पितळी कड्यांची बंगई, तो झोपाळा झाला की आजोबांनी घालून घेतलेली चुन्याची भिंत, मग कवेलूचं छप्पर आणि शेवटी, "आमच्या आज्यानं गावाचा तलाव खोदला." मालगुजारी कधीच बुडाली होती, पण आंधळगावात आमच्या घराला अजून लोक मालगुजाराचं घरच म्हणत. मामाजींना तेवढं पुरत होतं.

"घर जुनं, पन सोय नव्या जमान्याची," मामाजी म्हणाले आणि दिवाणखान्यातला टीव्ही, सोफा, छताचा पंखा, सगळं हात फिरवून दाखवलं. मग मंडळींना घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात नेलं. "आन् हे खास तुमच्या पोरीसाठी."

निळ्या दाराचा, आत पांढऱ्या फरशा बसवलेला नवाकोरा संडास.

"अगबाई, खेड्यात राहून एवढी सोय!" होणारी विहीणबाई म्हणाली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला होता की तो ट्रे तिथंच आपटावासा वाटला.

का वाटू नये? सत्तर साली मी या घरात सून म्हणून आले. माझे बाबा तुमसरला रेल्वेत होते. क्वार्टर दोन खोल्यांचं, पण मागे संडास होता. इथं एवढं मोठं घर, आणि बायकांनी पहाटे लोटा घेऊन सांदवाडीच्या दारानं तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जायचं. कुणाच्या बैलगाडीचे घुंगरू वाजले, कुणाची सायकल दिसली, की झटकन उठून उभं राहायचं. ती व्यक्ती गेली की पुन्हा बसायचं. तलाव मामाजींच्या आज्यानं खोदलेला, आणि त्याच्याच पारीवर आम्ही सुना अशा उठाबशा काढत होतो.

पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, "अवो, मामाजीले एक संडास बांधाले सांगा ना."

"बाबा नाई मानत," आनंदराव म्हणाले. "देवघर हाय घरात. घर बाटन म्हनते."

त्यानंतर मी दरवर्षी विचारलं. अंगणात मोटरसायकल आली तेव्हा विचारलं, चुलीच्या जागी गॅस आला तेव्हा विचारलं, टीव्ही आला तेव्हा तर भांडले. सगळं येत होतं, हेच तेवढं येत नव्हतं. टीव्हीनं देव बाटत नाही आणि बाईच्या पोटानं बाटतो!

मी निदान भांडत होते. माझी थोरली जाऊ पार्वताबाई तेही करत नसे. थोरले भाऊजी तरणेताठे गेले. तेव्हापासून तिनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि मामाजींसमोर तोंड म्हणून उघडलं नाही. या घरातला पहिला धडा मला तिनंच दिला होता.

"तुळसा, दिवस निंगाला का पानी बंद. जेवताना घोटभर घे. मंग अंधार पडल्यावर पेत जाय."

"काहून वो बाई?"

"काहून काय? मंग जा लागते न. दिवसाढवळ्या कुठे जाशीन?"

ती स्वतः तेच करत होती. वैशाखात आमच्याकडे पाखरं झाडावरून टपाटप पडतात. अशा उन्हात ती अंगणात धान उकडायची, ओठ फुटून रक्त यायचं, पण पाण्यानं भरलेल्या पितळी गुंडाकडे बघायची नाही. मी तांब्या पुढे केला की मान हलवायची. "नको बाई, मंग पंचाईत होते."

आणि आता माझ्या धाकट्या दिराला, टेकचंदला नागपूरची मुलगी सांगून आली म्हटल्यावर हिरालाल मिस्त्री बोलावला गेला, विटा आल्या, फरशा आल्या, दिवाळीनंतर धरलेलं काम लग्नाच्या आत पुरं झालं. देवघर तिथंच होतं, भिंत तीच होती. घर बाटण्याचं कुणी नावही काढलं नाही.

तरी खरं सांगते, मनातून मी हरखलेच होते. कुणाच्या का नशिबानं होईना, झाला ना! मी पार्वताबाईंना म्हटलं, "बाई, आता पोटभर पानी प्या." ती पदराआडून हसलेली मला दिसली.

लग्न झालं. नवी सून सुशीला चार दिवस राहिली आणि टेकचंदबरोबर नागपूरला राहायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सांदवाडीत पाहते तो काय, निळ्या दाराला हे एवढं पितळेचं कुलूप!

मी तशीच ओसरीवर आले. मामाजी बंगईवर सुपारी कातरत बसले होते.

"मामाजी, कुलूप कोनं लावलं?"

"मी लावलं. ते टेकचंदच्या बाईसाठी हाय, आन् पाहुण्यायसाठी. तुमी साऱ्या रोज जाल त टाका भरन, घान होईन. तिले शहराची आदत हाय, तिले दुसरं जमत नाई." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "तुमाले त सवय हाय न पारीची."

सवय! शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. गळ्यात लोढणं बांधलेल्या गाईलाही सवय होते, म्हणून काय ते तिला आवडतं? पण मामाजींनी बंडीच्या खिशावर हात ठेवला, म्हणजे चाबी तिथं होती, आणि बंगई पुन्हा कुरकुरायला लागली. नवरा कोपऱ्यात पेपर वाचत होता. पेपर त्यानं आणखी वर धरला.

चैत्रात पार्वताबाईंची कंबर धरली. आधी ती बोललीच नाही. मग ताप चढला, लघवीतून रक्त जायला लागलं, तेव्हा मीच तिला एसटीत घालून भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, फोटो काढले, आणि मला बाजूला न घेता तिच्यासमोरच सांगितलं. एक मूत्रपिंड गेल्यात जमा होतं. दुसरं वाचवायचं असेल तर दिवसभर पाणी प्यायला हवं.

"तासातासाला एक भांडं. उन्हाळ्यात जास्तच. यात हयगय केलीत तर मला काही करता येणार नाही."

पार्वताबाई माझ्याकडे बघत राहिली. "तासातासाले?" ती हळूच म्हणाली. "मंग मी जाऊ कुठे वो तुळसा?"

संध्याकाळी मी मामाजींपुढे उभी राहिले. डॉक्टरांचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. म्हटलं, चाबी द्या, बाईचा जीव जाऊन राहिला.

"डाक्टरायले काय, बोलाले जाते," मामाजी म्हणाले. "मोठ्या सूनबाईले म्हना, राती पेत जाय पानी. आमच्या मायनं साठ वर्सं काहाडले या घरात. ते नाई मेली."

मी नवऱ्याकडे वळले. "तुमी त बोला काही! का तोंडात दही जमलं?"

"कायले घरात भांडन लावतेस?" ते ताटाकडे बघत म्हणाले.

मला त्या माणसाची इतकी चीड आली की त्या रात्री मी पार्वताबाईंच्या खोलीतच झोपले.

सकाळी मी ठरवूनच उठले. पार्वताबाईंना समोर बसवलं आणि तांब्या हातात दिला. "प्या." ती नको म्हणाली. मी म्हटलं, "माझी शपथ हाय." ती पाणी प्यायली. तासाभरानं पुन्हा दिलं. दुपार होत आली तशी ती चुळबुळ करायला लागली, मग भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

ओसरीवर त्या दिवशी भंडाऱ्याचे कुणी साहेब आले होते. जुनी घरं पाहण्याचा त्यांना नाद होता, बरोबर फोटो काढणारा होता. गावातली चार वजनदार माणसंही येऊन बसली होती, आनंदरावही कोपऱ्यात होते. मामाजींचा आवाज आतपर्यंत येत होता. "एका सागाचा हाय, साहेब. कुठे जोड दाखवा!"

मी लोटा भरला. पार्वताबाईंचा हात धरला. ती सवयीनं सांदवाडीच्या दाराकडे वळली.

"तिकून नाई," मी म्हटलं. "इकून."

"अवो, पुढून? मानसं बसले हायेत!"

"बसू द्या."

आमच्या घरात बायकांनी पुढल्या दारानं जायचं नाही. लोटा घेऊन तर नाहीच. पण मी तिला दिवाणखान्यातून, टीव्हीसमोरून, उंबऱ्यावरून ओसरीवर आणलं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"सूनबाई!" मामाजी ओरडले. "कुठे चालल्या?"

"तलावाच्या पारीवर, मामाजी." मी आवाज मुद्दाम चढा ठेवला. "बाईले डाक्टरनं दिवसभर पानी प्याले सांगतलं. घरातल्या संडासले कुलूप हाय, चाबी तुमच्या खिशात हाय. मंग आता दिवसाच जा लागन. रोजच जाऊ. पुढूनच जाऊ."

साहेब खांबाकडे बघायला लागले. गावातल्या माणसांनी माना खाली घातल्या. मामाजींचा चेहरा काळानिळा झाला, हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. मी वाट पाहिली नाही. आम्ही पायऱ्या उतरून भर उन्हात रस्त्यावर आलो.

मागून खण्णकन आवाज आला. मामाजींनी चाबी पायरीवर फेकली होती. कुत्र्यापुढे तुकडा टाकावा तशी.

मी वाकणार होते. पार्वताबाईंनी मला धरून मागे ओढलं. ती वळली. एका हातानं पदर मागे सारला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामाजींनी आपल्या मोठ्या सुनेचं तोंड पाहिलं. ओठ फुटलेले, डोळ्यांखाली सूज.

"चाबी राहू द्या तुमच्याजवळ," ती म्हणाली. "मले कुलूप काहाडून पायजे."

मग आनंदराव उठले. पायरीवरची चाबी उचलली, आत गेले. येताना त्यांच्या हातात ते पितळेचं कुलूप होतं. ते त्यांनी बंगईवर, वडिलांच्या शेजारी ठेवलं आणि खाली मान घालून उभे राहिले. लग्नानंतर त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं.

आम्ही परत आलो, त्याच दारानं.

पार्वताबाईंचं ते दुसरं मूत्रपिंडही पुढे फार टिकलं नाही. डॉक्टर म्हणाले, आधीच उशीर झाला होता. हे आठवलं की माझं टाळकं आजही फिरतं. घर अजून आहे, लोक अजून पाहायला येतात आणि खांबाची वाहवा करतात. मी त्यांना चहा देते, पण खांबाचं कौतुक माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

मात्र त्या दुपारी सांदवाडीतून हातपाय धुऊन पार्वताबाई पुन्हा ओसरीवर आली. साहेब निघून गेले होते, मामाजी कुलपाशेजारी भिंतीकडे तोंड करून बसले होते. ती त्यांच्यासमोर त्या सागाच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. मी तांब्या दिला. तिनं सगळ्यांदेखत, भर दुपारी, तो वर धरून घटाघटा रिकामा केला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर आलं, ते तिनं पुसलं नाही.

मग तांब्या माझ्यापुढे केला.

"अजून दे," ती म्हणाली.