बुटकी खुर्ची

सासूबाई कायमच्या राहायला आल्या तेव्हापासून घरात माणसं पाच आणि खुर्च्या चार. त्यावरून कधी कुरबुर झाली नाही, कारण पाचवी बसतच नव्हती. ती वाढायची, पाणी द्यायची, पुन्हा वाढायची, आणि सगळ्यांचं आटोपलं की ओट्याला टेकून चार घास पोटात ढकलायची. "तूही बस की," असं नवरा अधूनमधून म्हणे. पण पुढच्याच घासाला त्याला मीठ हवं असे.

तिचं काम मात्र खुर्च्यांचंच. मिस्त्रींच्या कारखान्यात ती वेताच्या बैठका विणायची. भिजवलेला वेत ओढून ओढून बोटांना घट्टे पडले होते. काम अंगावर आलं की एखादी खुर्ची घरी आणून विणायची, आणि नवरा ती आपल्या टेम्पोतून गिऱ्हाइकाकडे पोचवायचा. न सांगता पोचवायचा, हा त्याचा चांगुलपणा.

एकदा मोडतोडीत पडलेला खुर्चीचा एक सांगाडा तिच्या नजरेत भरला.

"घेऊन जा बाई, नाहीतरी जळणातच जायचा," मिस्त्री म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं करत तिनं बैठक विणली. पायही कापून घेतले, आपल्या मापाचे. घरातल्या खुर्चीवर कधी टेकलीच तर तिचे पाय लोंबकळायचे.

शनिवारी ती खुर्ची घेऊन घरी आली. कुणाला काही बोलली नाही. काय सांगायचं, मला बसायचंय म्हणून? लाज वाटली. दाराशी ठेवली आणि आधी अंघोळ उरकायला गेली. बाहेर आली तर दार मोकळं.

"इथली खुर्ची कुठं गेली?"

"दिली पोचवून!" नवरा नुकताच परतला होता, खुशीत होता. "गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या पोरांच्या खुर्च्या विणल्यास ना, त्यातलीच राहिलेली. एवढी बुटकी आणखी कुणाची असणार? डॉक्टरीणबाई खूश झाल्या."

"ती माझी होती."

"तुझी म्हणजे? कारखान्याची?"

"माझी. बसायला."

मुलगी फिस्सकन हसली आणि आईचा चेहरा बघून गप्प झाली.

"अगं, पण तुला बसायला वेळ कुठाय?" सासूबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

आता आपल्याला रडू येणार, असं तिला वाटलं. आलं नाही. ती सरळ गेली आणि नवऱ्याच्या खुर्चीवर बसली.

"अगं, मग मी?"

"तुम्ही वाढा."

"बाबा वाढणार? मग मेलो आपण," मुलगा म्हणाला.

नवरा डाव शोधत सगळे खण उघडत सुटला. कुठल्या खणात आहे ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, "अरे, खालच्या खणात बघ. घोड्याएवढा झालास!"

"आई, पाणी," मुलानं सवयीनं हाक मारली.

तिचं अंग आपोआप अर्धं उठलं. तिनं खुर्चीची कड घट्ट धरली आणि तशीच बसून राहिली. मुलानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि उठून पाणी आणलं. आपल्यापुरतंच आणलं. ती जेवत राहिली. भाजीत मीठ कमी पडल्याचं आज तिला भाजी गरम असतानाच कळलं.

सोमवारी नवरा दवाखान्यात गेला आणि हात हलवत परत आला.

"त्या म्हणतात, राहू द्या इथंच. म्हाताऱ्या पेशंटचे पाय नीट टेकतात म्हणे तिच्यावर."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, घरी विचारून सांगतो."

आजवर घरी विचारायचं म्हणजे सासूबाईंना विचारायचं. तिनं सवयीनं त्यांच्याकडं पाहिलं. त्या भाजी निवडत होत्या.

"माझ्याकडं काय बघतेस? खुर्ची माझी आहे का?"

ती नवऱ्याकडं वळली. मग म्हणाली, "नाही म्हणावं त्यांना. पाहिजे असेल तर दुसरी विणून देईन, रीतसर दर लावून. माझी घेऊन या."

"आत्ता?"

"जेवायच्या आधी."

नवऱ्यानं काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या.