चार बोटे हवा

मित्रांनो, मी एक जुनी मरळ आहे. अंगाने काळपट, तोंडाने सापासारखी आणि स्वभावाने, खरे सांगायचे तर, फटकळ. मासा पाण्यातच श्वास घेतो, असे तुम्ही पाठ केलेले असते. माझ्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, आणि त्यापायी मी एकदा मरता मरता वाचले.

पाचोऱ्याजवळ गिरणेच्या एका डोहात मी वाढले. रोहूसारखे मासे तोंडाने पाणी घेतात आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतात. जाता जाता पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांच्या लाल झालरीतून त्यांच्या रक्तात उतरतो. त्यांचे तेवढ्यावर भागते. माझे कल्ले तोकडे. पण कल्ल्यांच्या वर, डोक्यात, माझी हवेची एक कोठी आहे. थोड्या थोड्या वेळाने वर यायचे, तोंडभर हवा घ्यायची आणि पुन्हा तळ गाठायचा. डोह आटून चिखल झाला, इतर मासे तडफडले, तरी मी टिकले. याचा मला फार तोरा होता.

गेल्या मे महिन्यात रुपचंद नानांनी मला त्या चिखलातून उचलले. त्यांच्या केळीच्या मळ्यातल्या विहिरीत डासांच्या अळ्या झाल्या होत्या. त्या खायला मासे हवे होते. रंगाची रिकामी बादली त्यांनी घासून लख्ख केली, मला आणि धरणातून आणलेल्या वीतभर लांबीच्या दोन रोहूंना आत सोडले आणि पाणी अगदी काठोकाठ भरले. माणूस मायाळू. "मासाले पानी कमी नको पडाले," म्हणत त्यांनी झाकण गच्च दाबले. मोटारसायकलवर मागे बसलेल्या कामिनीने, त्यांच्या लेकीने, बादली मांडीवर धरली.

मी वर गेले. हवा नव्हती. झाकण होते.

पुन्हा गेले. तोंड आपटले. रोहू निवांत कल्ले हलवत होते. एरवी मी त्यांचा फडशा पाडला असता. त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला. कोठीतली हवा संपत आली. मी धडका देत राहिले, पण गाडीच्या आवाजात कोण ऐकणार?

मग रेल्वेचे फाटक लागले. नानांनी गाडी बंद केली.

"नाना, मझार मासा ठोकी राह्यना," आतल्या धडका ऐकून कामिनी म्हणाली.

"मस्ती करी राह्यना तो."

मालगाडी धडधडत आली. ती जाईपर्यंत माझ्या अंगातले बळ सरले. नाना गाडीला किक मारणार, तोच कामिनी ओरडली, "आते त्याना आवाज बंद व्हयना! झाकन उघाडू का?"

"बठ्ठं पानी सांडी जाई! मासा कधी पानीमा बुडस का?"

मित्रांनो, बुडतो. मी बुडतच होते.

कामिनीने ऐकले नाही. दोन नखे मोडली, पण तिने झाकण उपटले. पाणी तिच्या साडीवर सांडले. मी उताणी तरंगत होते. तिने तळहाताने माझे डोके वर धरले, आणि मी हवेचा एक मोठा घोट घेतला.

फाटक उघडले. मागून हॉर्न वाजू लागले. नाना मात्र उतरल्या चेहऱ्याने बादलीत बघत उभे होते. मग त्यांनी ओंजळीने पाणी उपसले, वर चार बोटे जागा केली आणि झाकण उघडेच ठेवले.

आता मी त्यांच्या विहिरीत असते. शेजारी एक कासव आहे. त्याला तर कल्लेच नाहीत, फुप्फुसे आहेत. तेही माझ्यासारखेच हवेसाठी वर येते. रोज सकाळी नाना काठावर बसतात. मी वर येऊन हवा घेतली, की मगच ते मोटार सुरू करतात.

मित्रांनो, नानांनी माझ्यावर मायाच केली होती, आणि त्या मायेनेच माझा जीव जात होता. कुणाला सांभाळायला घेतलेत, तर तो श्वास कसा घेतो, हे आधी जाणून घ्या. आणि आतून कुणी ठोकत असेल, तर ती मस्ती समजू नका.